उलट्या पावलांनी

आई ती कोरियन राजवाड्याची मालिका बघायला लागली तेव्हा मी वैतागले होते. सत्तरच्या वर भाग, हिंदीत डब केलेले. एक राजा, त्याच्या भांडणाऱ्या राण्या, आणि मागे एकाच हिरव्या रंगाच्या कपड्यांत मान खाली घालून उभ्या असलेल्या दासी. मी म्हटलं, ही रेशमात गुंडाळलेली गुलामी आहे, यात बघायचं काय? आई सेव-परमल खात म्हणाली, "तू बस तर. ती मागून तिसरी बघ. आज बोलणार ती काहीतरी."

ती त्या दिवशी बोलली नाही. नंतरही नाही. पण मी रोज बसायला लागले, राजाला शिव्या घालत.

आई एका खासगी शाळेत गणित शिकवते. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूममध्ये आदल्या रात्रीचा भाग नकला करून सांगायची, आणि बाकीच्या शिक्षिका डबे घेऊन तिच्याभोवती बसायच्या. राजासमोरून जाताना दासी पाठ दाखवत नाहीत, उलट्या पावलांनी दारापर्यंत सरकतात. आईनं ते करून दाखवलं आणि म्हणाली, मॅनेजमेंटच्या खोलीतून आपण तरी वेगळ्या कुठे निघतो? सगळ्या खूप हसल्या म्हणे. हे तिनंच मला घरी सांगितलं, खुशीत.

मग शाळेच्या मालकांकडे लग्न निघालं. शिक्षिकांना मेहंदी रंगाच्या सारख्या साड्या वाटल्या आणि दोन दिवस पाहुण्यांना सरबत द्यायला उभं केलं. आई सुजलेले पाय गरम पाण्याच्या टबात सोडून बसली होती. विचारून विचारून मी सगळं काढून घेतलं.

त्यावर मी हिंदीत पर्चा लिहिला, शाळेच्या गेटवर वाटायचं पत्रक. त्यातल्या एका अक्षराचीही मला आज लाज वाटत नाही. शिकवायला ठेवलेल्या बाईच्या हातात ट्रे देणं ही बेइज्जती आहे, आणि तिला त्याला "परिवाराचं काम" म्हणायला लावणं ही त्याहून मोठी. सांगणाऱ्याचा माग लागता कामा नये, हे मी काम करते त्या कामगार संघटनेत पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून मी नाव, विषय, वर्ग, वय सगळं गाळलं. फक्त वर मथळा दिला: "उल्टे पाँव कब तक?" असा मथळा मला आधी कधी सुचला नव्हता. खरं तर तो मला सुचलाच नव्हता.

सकाळी आमच्या लोकांनी शाळेच्या गेटवर पर्चे वाटले. मधल्या सुट्टीपर्यंत आईला ऑफिसात बोलावणं आलं. ते शब्द कोणाचे, हे अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक होतं. सोमवारपर्यंत लेखी द्यायचं की पर्च्यातला मजकूर खोटा आहे, आणि माफी मागायची. नाहीतर घरी बसायचं.

मी म्हटलं, काही लिहून द्यायचं नाही. आम्ही गेटवर धरणं देऊ.

"धरणं तू देशील," आई म्हणाली. "आत मी असते."

मला ओरडली असती तरी बरं होतं. तिनं कोरा कागद आणून माझ्यासमोर ठेवला. "लिही. तुला येतं. पण तुझ्यासारखं नको, बिल्कुल सीधं लिही."

मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात दोन ठिकाणी टोमणा शिरला होता. गणिताच्या वह्या तपासाव्यात तशी तिनं लाल पेनानं बरोब्बर त्यांच्याच खाली रेघ मारली. तिसऱ्यांदा लिहिलेलं तिला पसंत पडलं. माझाच पर्चा खोटा आहे, असं माझ्याच हातानं लिहिलेलं, आणि खाली तिची सही.

सोमवारी ती ते देऊन आली. त्या खोलीतून कशी निघालीस, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी तिनं मालिका लावली, मीही बसले. मागून तिसरी तशीच उभी होती. मालिका आई अजून बघते. शाळेत सांगत नाही. डबा वर्गातच खाते.