रुमालात गुंडाळलेली खिरापत

धाकटा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठीक होते. शेजारच्या अक्का रोज सांगायच्या की मुलगे उशिराच बोलतात, आणि ते ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

त्या आश्विनात एका संध्याकाळी जळगावच्या आमच्या गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणायला घरी आल्या. गाणी संपली की डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा वाजू नये म्हणून माझ्या थोरल्या मुलीनं लाडू रुमालात घट्ट गुंडाळून ठेवले होते. मुलींनी डबा कानाशी नेऊन हलवला. चिवडा, शेव, करंजी, सगळं सांगून पाहिलं. थोरली नुसती नाही नाही म्हणत मिरवत होती. मुली हार मानणार, तेवढ्यात माझ्या ओढणीआडून आवाज आला, "लाडू."

सगळ्या हसल्या. थोरलीनं भोकाड पसरलं. यानं सांगून टाकलं, आधी याला रागव, म्हणून ती माझा हात ओढत होती. मी खाली बसले, त्याचा चेहरा ओंजळीत धरला आणि म्हणाले, "पुन्हा सांग."