अबाऊटच्या खिडकीतलं नाव

वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी एकट्यानंच बनवलं, वणीत, घरातल्या समोरच्या खोलीत बसून. त्याच्यासोबत जाणारी मदत पुस्तिका मात्र माझी नव्हती. ती लिहिली होती आर्णीजवळच्या एका काट्यावर बसणाऱ्या मुलीनं. कापसाच्या, सोयाबीनच्या गाड्या काट्यावर चढवून वजन घ्यायचं आणि पावती द्यायची, हे तिचं काम. ती बंजारा तांड्यावरची, बारावी झालेली. घरी गोरबोली, काट्यावर वऱ्हाडी. बदलीवर येणाऱ्या माणसासाठी तिनं एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. ती वही वाचून मी तिला म्हटलं, हे मला दे, सॉफ्टवेअरमध्ये टाकतो.

‘मांगचं चाक बाहीर रायलं तं वजन कमी भरते. ड्रायव्हरले खाली उतरवा, मंगच बटन दाबा.’ असं सगळं लिहिलेलं. ते वाचल्यावर काही अडलं म्हणून कोणाचा फोन येत नसे. सॉफ्टवेअर कोणी बनवलं ते सांगणारी अबाऊटची खिडकी उघडली की माझ्या नावाखाली ‘मदत पुस्तिका’ असं येई आणि पुढे तिचं नाव, तांड्यासकट. ती खिडकी तिनं निम्म्या तालुक्याला दाखवली असेल.

मग वणीतल्या एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं. "हे तं घरचंच वाटून रायलं भाऊ," तो म्हणाला. "सॉफ्टवेअर कसं पुण्याचं वाटलं पायजे."

हे मला लागलं. आम्हा इकडच्या लोकांचा हा जुना आजार आहे. आपलं बोलणं आपल्यालाच कमी वाटतं, आणि पुण्याच्या माणसानं हसायच्या आत आपणच ते झाकून टाकतो. दोन दिवस बसून मी सगळी पुस्तिका सुधारली. म्हणजे बिघडवली. ‘वाहनाची चारही चाके मापनफलकावर पूर्णतः विसावल्याची खातरजमा करावी’, अशी वाक्यं मी स्वतःच्या हातानं लिहिली आणि खूश झालो. अबाऊटची खिडकी निळी केली, खाली ‘सर्व हक्क राखीव’ टाकलं आणि नाव एकच ठेवलं. माझं. तिला विचारायचं सुचलं नाही असं मी बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. सुचलं होतं, नंतर सांगू म्हणून टाळलं. नवी आवृत्ती इंटरनेटवरून सगळ्या काट्यांवर आपोआप जाऊन बसली.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा फोन आला.

"भाऊ, माझं नाव कुठं गेलं?"

राजूरकडच्या एका कोळसा वाहतूक कंपनीत काट्यावरच्या नव्या लोकांना शिकवायची जागा निघाली होती. ती मुलाखतीला गेली होती. अनुभवाचा कागद तिच्याकडे नव्हता, म्हणून तिनं सांगितलं की तुमच्याच कंप्युटरवरच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका मी लिहिली आहे, उघडून पाहा. साहेबांनी तिच्यासमोरच अबाऊटची खिडकी उघडली. मग पुस्तिका उघडून तिला पहिलं पान वाचायला लावलं. मापनफलक या शब्दावर ती अडली.

"हसले ते," ती म्हणाली. "मी खोटी पडली नं भाऊ. तुम्ही मले सांगतलं काहून नाही?"

मी काहीतरी पुटपुटलो आणि लगेच कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत तिची जुनी पुस्तिका शब्दन् शब्द परत आणली. अबाऊटमध्ये तिचं नाव माझ्या वर टाकलं. त्या साहेबांना फोन करून म्हटलं, आता पाहा. ते शांतपणे म्हणाले, "काल नव्हतं, आज आहे. उद्या तुम्ही माझंही टाकाल." जागा त्यांनी भरून टाकली होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी आर्णीला गेलो. ती काट्याच्या खोलीत बसली होती आणि बाहेर कापसाची दहाचाकी उभी होती. मी उत्साहानं अबाऊटची खिडकी उघडून दाखवली, अक्षरं कशी मोठी केली, पुस्तिका कशी जशीच्या तशी ठेवली, पुढच्या आवृत्तीत काय करणार, सगळं सांगत सुटलो. तिनं पाहिलं, मान हलवली.

"चार चाकं म्हणे," ती म्हणाली. "ह्या गाडीले चार चाकं दिसतात का भाऊ?"

मी हसलो. ती हसली नाही. ड्रायव्हरला खाली उतरायची खूण करून तिनं बटन दाबलं, पावती काढली आणि खिडकीतून बाहेर दिली. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "चहा सांगू का?"

मी नको म्हटलं आणि निघालो. बरीच वाट कापल्यावर एका धाब्यापाशी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या तासाभरात मी तिच्याशी फक्त सॉफ्टवेअरबद्दल बोललो होतो. माझं चुकलं, एवढे दोन शब्द तेवढे राहिले होते. फोन काढला, तिचा नंबरही काढला. मग वाटलं, फोनवर काय बोलायचं, परत काट्यावर जायला हवं. मोटरसायकल चालू केली आणि वणीकडे निघून आलो.