बायनाबाईचा पायपंप

बायनाबाई पन्नाशीला टेकल्यावर मोटारसायकल शिकली, तीही आपल्याच धानाच्या बांधीत. धान कापून झालं होतं, जमीन टणक झाली होती आणि धाकटा भाऊ हैदराबादला कामाला जाताना आपली गाडी तिच्या अंगणात ठेवून गेला होता. नवरा लहानूभाऊ गाडीला हात लावायला तयार नव्हते. "मले दोन चाकाचा भरोसा नाई," म्हणायचे. मग बायनाबाईनेच लुगडं खोचलं. धुऱ्यावर चढली, तणसाच्या ढिगात शिरली, एकदा थेट आमच्या कुंपणात आली. पण संक्रांतीपर्यंत गाडी तिच्या हाताखाली आली.

तिचा धंदा सुकटीचा. बोंबील, सुकट, झिंगे घेऊन ती चामोर्शीच्या आठवडी बाजारात बसते. गाडी शिकल्यापासून बाजाराला जाताना ती पुढे आणि लहानूभाऊ मागे, मांडीवर पाटी धरून. मी शेजारी राहते. लहानूभाऊ वळणावर डोळे मिटून घेतात, हे मला तिनेच सांगितलं. आरशात दिसतं म्हणे.

गाडीची एकच खोड होती. बाजारावरून आली की ती पुढल्या बाजारापर्यंत अंगणात उभी राहायची, आणि तेवढ्यात मागच्या चाकातली हवा हळूहळू निघून जायची. पंक्चर सापडायचं नाही. हवा भरायची तर फाट्यावर जावं लागायचं, आणि बसक्या चाकावर दोघांनी बसून गेलं तर ट्यूबच फाटायची. म्हणून दर बाजाराच्या सकाळी ती गाडी ढकलायची, लहानूभाऊ डोक्यावर पाटी घेऊन मागे. उन्हाळा लागला तशी एकदा ती फाट्यावर पोचली, तर हवावाला लग्नाला गेलेला. त्या दिवशी बाजार बुडाला. परत आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता हवा घरीच आणतो मी."

पुढच्या बाजाराला मीही सोबत होते. माल विकून झाल्यावर आम्ही प्रवीणच्या दुकानात गेलो. गाड्यांचं सुटं सामान विकणारा हा माणूस हसतमुख आहे. त्याने तीन पंप काढून समोर ठेवले. एक सायकलवाल्यांकडे असतो तसा उभा, दोन्ही हातांनी दाबायचा. एक पायाने दाबायचा. आणि एक मुठीएवढा, बॅटरीवर चालणारा.

लहानूभाऊंनी तो छोटाच उचलला. बटण दाबताच त्यावर आकडे उजळले.

"बायने, हाच घे वो! याच्यावर मोबाईलबी चार्ज होते."

"मोबाईल भरान अन् चाक उपाशी ठेवान तुमी," बायनाबाई म्हणाली. मग प्रवीणला, "भाऊ, आमची गाडी दारातच आहे. तिच्यावरच पाहू."

आणि काय म्हणते हे कळायच्या आत तिने काडीने ट्यूबचा वाल दाबून मागच्या चाकाची सगळी हवा सोडून दिली. फुस्स आवाजाने शेजारच्या चहावाल्याचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

"अवं, पंप नाई जमला तं घरी कसे जाऊन?" लहानूभाऊ घाबरले.

"जमन."

आधी उभा पंप. लहानूभाऊंनी बाह्या सारल्या आणि जोर लावला. हवा भरू लागली खरी, पण पंपाचं तोंड मोठं. चाकाच्या तारा आणि साखळीच्या चक्रामध्ये ते नीट बसेना. दर चार दाबांनी ते निसटायचं आणि लहानूभाऊ पंपावरच ओणवे व्हायचे. चहा पिणारे हसू लागले, तेही हसू लागले.

मग बॅटरीवाला. तो घरघरला, गरम झाला, पण हवा बिनतक्रार भरली आणि आकडा आल्यावर आपोआप थांबला. बायनाबाईला तो आवडला, हे मला दिसलं. तिने त्याच्यावरून हात फिरवला.

"चांगला आहे भाऊ. पण आमच्या इथी वारा सुटला का लाईन जाते. बाजाराच्या दिवशी हाच झोपून राह्यला तं?"

"मंग पायवाला पाहा, बाई," प्रवीण म्हणाला. "याची नळी लांब आहे, तोंड पातळ आहे, हवा दाखवाले काटा आहे. अन् तुमी दोघं बसता, त्यात माल. मागच्या चाकाले हवा जास्त लागते. साखळीच्या कव्हरवर आकडा लिहून आहे, तेवढा काटा आला का थांबायचं."

पुन्हा हवा सोडली. लहानूभाऊ पायपंपावर चढले. अंगाने काटक माणूस. पंप अर्धाच दबला. त्यांनी उडी मारली, पंप सरकला, प्रवीणने त्यांना दंडाला धरून सावरलं.

"सरका," बायनाबाई म्हणाली.

ती अंगाने भरलेली बाई. हात कंबरेवर ठेवून तिने एक पाय दिला आणि पंप लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. काटा हलला. पुन्हा पाय, पुन्हा काटा. चाक डोळ्यांदेखत उभं राहू लागलं. चहावाला ओरडला, "वाह, बाई!" तिने थांबून सगळ्यांकडे पाहिलं आणि इतकी हसली, की खोकला लागला.

"हाच द्या. रुंद बुडाचा द्या, अंगणात डुगडुगाचा नाई."

पंप घरी आला आणि आमच्या टोल्यावरच्या, त्या छोट्याशा वस्तीतल्या सायकली एकेक करून तिच्या अंगणात येऊ लागल्या. कोणी मुरमुरे आणायचं, कोणी नुसत्या गोष्टी. बायनाबाई पायाने दाबत दाबत सगळ्यांची खबर घ्यायची आणि लहानूभाऊ उकिडवे बसून काटा वाचायचे. "झालं, झालं, थांब!" हे त्यांचं आवडतं वाक्य झालं. घरात ते तिला कधी थांब म्हणू शकले नव्हते.

मग भीमजयंती आली. टोल्यावरून चामोर्शीपर्यंत गाड्यांची रॅली निघणार होती. सकाळपासून तिच्या अंगणात मोटारसायकली लागल्या, निळे झेंडे बांधलेल्या. धम्मदीप, आमच्या मंडळाचा अध्यक्ष, सगळ्यांना सांगत होता, "आधी हवा, मंग चहा." बायनाबाईचा पाय दुखू लागला तसा मी पंप दाबला, मग टोल्यावरच्याच नूतनने दाबला, मग पांढऱ्या लुगड्यातल्या सगळ्या बायांनी पाळीपाळीने. कोणीतरी दाबायच्या तालावर टाळ्या धरल्या.

निघायच्या वेळी धम्मदीपने आपली गाडी बाजूला घेतली.

"बाई, तुमी पुढं राहा."

"मी? काऊन?"

"तुमीच राहा."

तिने पदर खोचला, किक मारली. फाट्यावर पोचेपर्यंत लहानूभाऊंनी एकदाही डोळे मिटले नाहीत. डांबरी रस्ता लागताच ते चालत्या गाडीवर पायदांड्यांवर उभे राहिले, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून, दुसऱ्या हातात झेंडा धरून, आणि मागच्या सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल असे "जय भीम!" ओरडले.

"अवो, खाली बसा! पडान!" बायनाबाई हॉर्न दाबत ओरडली. तीही हसत होती.