झोपाळ्यामागचा नाग

माझ्या पोटात कुठलीही गोष्ट फार दिवस राहत नाही. भाजीवालीशी झालेली हुज्जतसुद्धा जेवायच्या आत सगळ्यांना सांगून होते. पण ही एक गोष्ट मात्र मी आमच्या ह्यांनाही सांगितलेली नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि सांगताना मधूनमधून हसू येतंय, त्याचीही लाज वाटतेय.

वसईत, स्टेशनच्या पश्चिमेला आमची वसाहत आहे. सहा इमारती आणि मधोमध एक बाग. बाग म्हणजे काय — एक घसरगुंडी, दोन बाक, मेंदीचं कुंपण, मागच्या कोपऱ्यात माजलेली घाणेरीची झुडपं, आणि त्या झुडपांपुढे जुना लोखंडी झोपाळा. तिची देखभाल आमची आम्हीच करतो. नोकरीतून निवृत्त झाले त्याच वर्षी सगळ्यांनी मला उद्यान समितीची अध्यक्ष केलं. मला फार आनंद झाला होता. कुणाला होणार नाही?

निवृत्तीनंतर मला एकच सुख हवं होतं — दुपारची झोप. अख्खी नोकरी मी दुपारच्या जांभया पदराआड लपवून केली होती. आता पंखा लावायचा, पडदा ओढायचा आणि चार वाजेपर्यंत जगाशी संबंध नाही! पण आमची बेडरूम पहिल्या मजल्यावर, नेमकी झोपाळ्याच्या वर. आणि बरोबर अडीच वाजता खालून सुरू व्हायचं — कर्रर्र... कट्. कर्रर्र... कट्.

कोण असायचं झोपाळ्यावर? मुलं नव्हेत. इनासकाका आणि त्यांची बायको रेजिना. दोघं जवळच्या वटार गावचे. सगळा जन्म केळीच्या वाडीत गेलेला. रेजिनाबाईंना अर्धांगवायू झाला, म्हणून मुलाने त्यांना समोरच्या इमारतीत आपल्या फ्लॅटवर आणलं. बाईंची वाचा गेली होती. चेहराही एका बाजूने उतरलेला. सगळी बाग रिकामी असायची तेव्हा काका त्यांना हळूहळू चालवत आणायचे, झोपाळ्यावर बसवायचे, स्वतः शेजारी बसून एका हाताने त्यांचा खांदा धरायचे आणि पायाने झोका द्यायचे. आमच्याशी ते शाळेतली मराठी बोलत, पण बायकोशी त्यांची घरची बोली — तिच्यातलं मला अर्धंसुद्धा कळायचं नाही. एवढं मात्र कळायचं, की झोका उंच गेला की रेजिनाबाई हसतात. मोठ्याने, खळखळून. घरात त्यांच्या तोंडून आवाज फुटत नाही, असं त्यांची सून म्हणायची.

म्हणजे मला हे ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते — मला ठाऊक होतं.

कड्यांना तेल घातलं असतं तरी करकर थांबली असती. समितीची अध्यक्ष मीच. मग का नाही घातलं? आज उद्या करत राहिले. आणि आजारी बाईच्या झोपाळ्याची तक्रार करणारी म्हणून नाव व्हायला नको, असंही वाटत होतं. आपलं नाव फार जपायची मी.

एका दुपारी फारच चिडले. संध्याकाळी खाली पाटणकरवहिनी भेटल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "झोपाळ्याच्या मागे आज काहीतरी सरपटताना दिसलं हो."

काहीतरी. एवढंच म्हणाले होते मी. काहीच दिसलं नव्हतं.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून हसायला येतं. दिवेलागणीपर्यंत त्या 'काहीतरी'चा साप झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाग. वॉचमन मला म्हणाला, "मॅडम, हमने भी देखा, इतना लंबा!" आणि त्याने दोन्ही हात पसरले. मोहितेसाहेबांनी नागाची जोडी असते म्हणून जोडी पाहिली. पाटणकरवहिनींनी झुडपापाशी दुधाची वाटी ठेवली, ती मांजराने प्यायली, आणि वाटी रिकामी सापडल्यावर तर कुणाला शंकाच उरली नाही. झोपाळ्याभोवती दोरी बांधली गेली, मुलांना बागेत सोडणं बंद झालं. 'सावधान! सापाचा वावर' असा बोर्ड लागला. अध्यक्ष म्हणून तो मीच लावून घेतला.

इथे थांबले असते तर तुम्हीही हसून सोडून दिलं असतं, नाही? जीभ घसरली, लोकांनी वाढवलं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

तिसऱ्या दिवशी इनासकाका माझ्याकडे आले. रेजिनाबाईंचा हात त्यांच्या हातात होता. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही सोता बघितला ना? कसा होता? धामण होती काय? धामण असंल तर काय नाय ओ, आमच्या वाडीत लय असायच्या. मी हिला आनतो मग."

किती सोपं होतं! 'हो, धामणच असेल' — एवढंच म्हणायचं होतं. रेजिनाबाई माझ्याकडे बघत होत्या. काय चाललंय ते त्यांना कळत होतं, अशी माझी खात्री आहे.

मी म्हणाले, "नाही काका. फणा होता."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलं," म्हणाले. बायकोला वळवलं — त्यांना वळायलासुद्धा वेळ लागायचा — आणि दोघं जिना उतरून गेले.

आता तुम्हाला वाटेल, मला झोप लागली नसेल. लागली. फार छान लागली. सगळा हिवाळा मी दुपारी गाढ झोपले. चार वाजता उठून दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गॅलरीत जायचे तेव्हा समोरच्या गॅलरीत रेजिनाबाई खुर्चीवर बसलेल्या दिसायच्या. झोपाळ्याकडे तोंड करून. मी कपडे भराभर काढून आत यायचे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मुलांनी कालवा केला — आम्हाला बाग पाहिजे! मग वालीवच्या कारखान्यात काम करणारा एक सर्पमित्र बोलावला. तो आला त्या रविवारी आमच्याकडे जत्राच भरली. गॅलऱ्या भरल्या, कुणी चहा केला, कुणी भजी तळली. झुडपं तोडली, बिळं तपासली. सापडलं काय? रबरी चेंडू, बॅडमिंटनची फुलं, एकेकट्या चपला, आणि मोहितेसाहेबांचा दोन पावसाळ्यांपूर्वी हरवलेला चष्मा. तो त्यांनी तिथल्या तिथे पुसून डोळ्यांना लावला. हसून हसून आमची पोटं दुखली.

"नाग गेला असेल दुसरीकडे," सर्पमित्र म्हणाला. मी मान डोलावली.

पण झुडपं गेली आणि तिथे केवढी मोकळी जागा निघाली! सगळ्यांना हुरूप आला. मुलांसाठी वाळूचा हौद झाला, म्हाताऱ्यांना धरून चालायला कठडा झाला. आणि वालीवच्या एका वर्कशॉपमधून नवा झोपाळा आला — रुंद, पाठ टेकायला, हात ठेवायला, पाय ठेवायलाही जागा असलेला. ती कल्पना पाटणकरवहिनींची. माझी नव्हे. मी फक्त हात वर केला.

बाग पुन्हा उघडली त्या संध्याकाळी इनासकाकांचे पुतणे वटारहून बँड घेऊन आले. लग्नातला बँड, ट्रम्पेटसकट! पोरं नाचली, मोहितेसाहेब नाचले, आमचे हे — जे स्वतःच्या लग्नात नाचले नव्हते — तेही नाचले. पहिला मान रेजिनाबाईंचा. झोका वर गेला आणि त्या हसल्या, तशा बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवून टाळ्या वाजवल्या.

मग काकांनी माइक मागून घेतला. म्हणाले, "या बाईंनी वेळेवर बघितला म्हणून माझी रेजिना वाचली. म्हणून ही बाग झाली." आणि मला शाल आणि नारळ दिला.

नाकारता आला असता. माइक समोर होता, सगळी वसाहत समोर होती, सांगताही आलं असतं. मी वाकून नमस्कार केला आणि नारळ घेतला. रेजिनाबाईंनी चांगल्या हाताने शेजारची जागा थोपटली, तशी जाऊन त्यांच्याजवळ बसलेही. त्या हसत होत्या. मीही हसले — आणि तुम्हाला खरं सांगू? ते हसू खोटं नव्हतं. इतक्या आनंदात मी कित्येक वर्षांत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्या केल्या. वेलची जरा जास्तच घातली. सहाही इमारतींत वाटल्या, समोरच्या घरी जास्त दिल्या. सगळ्यांनी वाखाणल्या. उरलेली एक मी खाल्ली. गोड होती.