बैल जुंपण्याआधी

जोतिबाच्या चैत्र यात्रेला आमची कोल्हापुरातली गल्ली त्या काळी बैलगाड्यांनी जात असे. मुक्काम डोंगराच्या खालच्या अंगाला, एका पडीक वावरात. त्या मुक्कामाला तळ म्हणत. तळाची स्वच्छता माझ्या काकीकडे होती. हे काम तिला कुणी दिले नव्हते. दुसऱ्याने केलेले तिला पटत नसे, एवढेच. उतरल्याबरोबर ती खड्डा खणून घेई. खरकटे, पत्रावळ्या, कलिंगडाच्या साली त्यात, वर माती. शेण एका बाजूला. घागरींवर ओली फडकी, कारण डोंगरावरचा गुलाल वाऱ्याने खाली येई. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचून न घेतलेल्या माणसाला ती पाण्याजवळ फिरकू देत नसे.

निघताना तळ झाडायचा, पण बैल जुंपण्याआधी. घरातून माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत. तसा केर तिरडी उचलल्यावर काढतात. तळ म्हणजे तेवढ्या दिवसांपुरते घरच. म्हणून झाडून होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, आणि एकदा माणूस निघाला की खराट्याला हात लावायचा नाही.

शेजारच्या जागेवर दरवर्षी सीमेपलीकडची, कानडी मुलखातली माणसे उतरत. त्यांच्यातल्या एका थोराड बाईला काकी अक्का म्हणे. ती काकीला तंगी म्हणे, म्हणजे धाकटी बहीण. भेट वर्षातून एकदाच. गाव कुठले, घर कुठले, हे काकीने कधी विचारले नाही. यात्रेत कुणी विचारत नाही. दोघींनी आपसात एक रिवाज पाडला होता. अक्का आमची जागा झाडी आणि काकी अक्काची.

"तंगी, चुलीमागं बघ की. म्हस बसून गेल्यागत केलंयसा."

"आन् तुमच्यात काय हत्ती जेवला व्हय?"

असे चालत चालत दोन्ही जागा लख्ख होत.

एका वर्षी अक्काची माणसे ट्रकने आली. परतायच्या दिवशी ड्रायव्हरने घाई केली. अक्काने आमची जागा सकाळीच झाडून ठेवली होती. काकी विहिरीवर भांडी घासत होती. ती परत आली तेव्हा ट्रक हलला होता. अक्काने मागच्या फळीवरून हात केला. तिच्या जागेवर पत्रावळ्या, राख, साली तशाच पडल्या होत्या.

काकीने खराटा उचलला. ट्रकची धूळ अजून खाली बसली नव्हती.

आमच्या गाड्यांबरोबर गल्लीतले चाचा असत. बैलांना नाल मारणे हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा. ते म्हणाले, "वैनी, ठेवा तो खराटा. माणसं आत्ता गेली की."

"तिनं माझं झाडलंय. मी तिची घाण तशीच टाकून जाऊ व्हय?"

ती झाडत राहिली. जागा जवळजवळ साफ झाली तेव्हा आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आले असावे. खराटा तिथेच टाकून ती गाडीत जाऊन बसली. 

पुढच्या वर्षी आम्ही पोहोचलो ते भर दुपारी. सगळ्या वावरात वाळके गवत, शेण, काटक्या. अक्काची जागा मात्र झाडलेली होती. खराट्याचे फराटे स्पष्ट दिसत होते. सड्याची ओल होती. त्या उन्हात सडा घटकाभरही टिकत नाही. कुणीतरी जागा धरून ठेवली असेल, असे सगळे म्हणाले. पण यात्रा संपेपर्यंत तिथे कुणी उतरले नाही. गर्दीतले लोकही त्या जागेला वळसा घालून जात. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

मी तेव्हा एका दैनिकात नुकता लागलो होतो. मी चौकशी केली. सफाईवाले फक्त रस्ता आणि देवळाचा परिसर झाडत. वावरात कुणी येत नव्हते. त्या रस्त्यावर ट्रकला अपघात झाल्याची बातमी कुठे आली नव्हती. हे काकीला सांगितले.

ती म्हणाली, "बातमी न्हाई आली म्हंजे बाई जिती हाय, असं हाय व्हय?"

वर्षभर तिला एवढेच जाणून घ्यायचे होते. अक्का आहे की नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीही जागा तशीच होती, झाडलेली आणि ओलसर. निघायच्या सकाळी काकीने आमच्या खड्ड्यात पडायचा केर पाटीत भरला आणि अक्काच्या जागेवर नेऊन पसरला. पत्रावळ्या, राख, साली. मागे वळून बघत, आठवत, एकेक ठिकाणी ठेवल्यासारखा.

"वैनी, काय करताय हे?" चाचांनी विचारले.

"होतं तसं करून ठेवतोय."



मध्ये एक पावसाळा गेला. आम्ही परत आलो तेव्हा तो केर जिथल्या तिथे होता. मी एक पत्रावळ उचलली. कडा कोरड्या, टाके शाबूत. खाली गवत उगवले नव्हते. आणि आमची जागा झाडलेली होती. चुलीच्या मागचा कोपरासुद्धा. पायाला ओल लागली.

गाड्या उभ्याच राहिल्या. बैल सोडावेत की नाही, कुणाला कळेना.

काकी खाली उतरली. "सोडा बैलं," ती म्हणाली. "तिनं आपलं काम केलंय. थांबलीया माझ्यासाठी."

"कोण?" मी विचारले.

तिने पदर खोचला, खराटा घेतला आणि अक्काच्या जागेवर गेली. "हल की जरा, पायाखालचं काढू दे," असे एकदा म्हणाली. आवाज नेहमीचा, भांडल्यासारखा. एका ठिकाणी ती थोडा वेळ थांबली आणि मग तेवढी जागा झाडली. चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बैलांकडे तोंड फिरवले. झाडून झाल्यावर काकीने सडा मारला. तो आमच्या डोळ्यांसमोर वाळून गेला, जसा चैत्रात वाळतो.

पुढच्या वर्षी दोन्ही जागा इतर वावरासारख्याच होत्या. गवत, काटक्या, कुणाच्या तरी बैलांचे वाळके शेण. काकीने दोन्हीकडे फिरून पाहिले.

"पोचली म्हणायची," ती म्हणाली.

मग तिने आमची जागा स्वतः झाडायला घेतली. चुलीमागचा कोपरा राहिला. तो अक्का दाखवत असे. मी दाखवला नाही.