तक्रार शाळेत, कौतुक घरी

"किती घरं झाली?"

शेवटच्या भेटीतही सिसिलिया टीचरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. वसईजवळ वटारच्या त्यांच्या घरी पडवीतल्या बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. पाय सुजलेले, आवाज मात्र अजून वर्गातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"एकही नाही," मी म्हटलं.

"वैशाली, तीस वर्षं हेच सांगतेस. मे महिन्यात निवृत्त झालीस की कोणाच्या घरी जाणार? माझ्या?" त्या हसल्या, मीही हसले... त्यानंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या. त्याला आता सहा आठवडे होतील.

मी साताऱ्याकडून या शाळेत आले तेव्हा त्या मुरलेल्या शिक्षिका होत्या. मला इथली बोली अर्धीच कळायची, त्यामुळे मी त्यांचा पदर धरूनच वावरायचे. वर्षातून एकदा वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जायचं, हा त्यांचा नेम. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही, वहीत मुलांची नावं. त्या घरात मुलाचं एक तरी चांगलं सांगायचं, खोटं सांगायचं नाही आणि चहा झाला की उठायचं. "तक्रार शाळेत, कौतुक घरी," असं त्या म्हणत. मला ते पटायचं, पण जमलं कधीच नाही. आधी माझी मुलं लहान होती, मग सासूबाईंचं आजारपण, मग आमच्या वर्गातली मुलं बोळिंजच्या टॉवरांत राहायला गेली. वॉचमनला काय सांगायचं, मुलगी छान अक्षर काढते म्हणून आलेय? कारणांना काय तोटा!

त्यांच्या निरोप समारंभाला संस्थेचे झाडून सगळे हजर होते. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं तर संपता संपेनात. टीचर बोलायला उठल्या आणि म्हणाल्या, "माझं एक घर राहिलंय. ते उरकून येते, तुम्ही खाऊन घ्या." हेडमास्तर बघतच राहिले. टीचर शालीसकट फाटकाबाहेर पडल्या आणि मी त्यांच्या मागे धावले. त्या वाटेवर, वाडीतल्या केळींमधून चालताना, त्यांनी मला आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गात दोन रीना होत्या. आडनाव एकच, आळी एकच. एक रीना गणितात पटाईत, दुसरी पाढे म्हणताना रडायची. टीचर कौतुक करायला गेल्या आणि नेमक्या दुसरीच्या घरात शिरल्या. मुलगी घरी नव्हती. "तुमची रीना गणितात वर्गात पहिली," असं आईला सांगून चहा पिऊन निघाल्या. बाहेर पडल्यावर भिंतीवरचा लग्नाचा फोटो आठवला, त्यातले वडील रडणाऱ्या रीनाचे होते, आणि चूक लक्षात आली.

"मग परत गेलात?"

"कुंपणापर्यंत गेले गं. आत तिची आई शेजारणीला हाक मारून सांगत होती. तशीच मागे फिरले. म्हटलं, खोटं बोललेय, आता ते खरं करायला पाहिजे." मग वर्षभर मधल्या सुट्टीत रोज त्या रीनाला घेऊन बसल्या. पहिली नाही, पण चौथी आली. टीचरांना मात्र ते शेवटपर्यंत बोचत राहिलं. "मी त्या पोरीला फसवलं," त्या म्हणाल्या.

टीचरांच्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपल्यावर देवळाबाहेर एक बाई माझ्याजवळ आल्या. वसईतच गणित शिकवतात म्हणाल्या. नाव सांगितलं, रीना. मधल्या सुट्टीत टीचरांनीच गणित शिकवलं, असंही म्हणाल्या. हिला सांगावं की नाही? सांगितलं तर दुखावेल, नाही सांगितलं तर टीचरांचं ओझं माझ्याकडेच राहील. मी चाचरत सुरुवात केली, "टीचर एकदा तुमच्या घरी..."

"चुकून आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांचा चेहरा बघूनच कळलं. पण आई त्या दिवशी इतकी खूश होती, की मला चुकीची रीना राहायचंच नव्हतं. टीचर आणि मी, दोघी गुपचूप झटलो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा हसरा. मला मात्र हुंदका आवरेना. हे टीचरांच्या कानावर पडायला हवं होतं. सहा आठवडे मी हीच हळहळ उराशी घेऊन हिंडतेय.

टीचरांच्या भाचीने त्यांची कापडी पिशवी मला दिली. वहीची शेवटची पानं कोरी होती. त्यावर मी माझ्या वर्गातली बावीस नावं लिहिली. मेपर्यंत होतील. कालपर्यंत नऊ झाली. काल बोळिंजला अकराव्या मजल्यावर गेले होते. वॉचमनने रजिस्टरसाठी कारण विचारलं, मी सांगितलं, "कौतुक." त्याने मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं.

बेल वाजवली. दार उघडलं आणि आईचा चेहराच उतरला. "मॅडम, काय झालं? काय केलं हिने?"

"काही नाही हो. चांगलंच सांगायला आलेय."

त्या आत वळून ओरडल्या, "अहो, बाहेर या, शाळेतून टीचर आल्यात!" मी पिशवी सावरली. दारावरची पाटी मी दोनदा वाचून घेतली होती... पण चप्पल काढताना वाटलं, घर चुकलं असलं तरी हरकत नाही, सांगितलेलं खरं करायला मेपर्यंत वेळ आहे.