छताखालची झोप

भूकंपानंतर घरे बांधण्याच्या कामासाठी आलेल्या एक परदेशी बाई लातूरजवळच्या आमच्या नव्या वसाहतीत शेजारी राहत. थंड मुलखातल्या या बाईंनी इथला उन्हाळा एखाद्या विषयासारखा अभ्यासला होता. दाराला ओले गोणपाट लावून त्या दुपारी न चुकता झोपत. प्रत्येक शब्दानंतर थांबत म्हणत, "लई... ऊन... हाय."

माझी आई मात्र भूकंपापासून छताखाली जात नव्हती. भर वैशाखात ती अंगणातल्या बाजेवरच बसे. एकदा तिला भोवळ आली, तरी तिने आमचे ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई चटई घेऊन आल्या आणि सरळ आमच्या घरात शिरल्या.

"मावशी... मी इथं निजते. छत हललं... तर हाक मारा."

"उठ की गं माय! येडी झालीस का?" आई उंबऱ्याबाहेरून ओरडली.

बाई झोपल्यासुद्धा. मला ते सोंग वाटले, पण त्या चक्क घोरत होत्या. ज्या छताखाली आम्हीही बिचकत निजत असू, तिथे ही गाढ झोप पाहून मी थक्क झालो. त्यांचा लालबुंद चेहरा घामाने निथळत होता.

आई बराच वेळ पाहत राहिली. मग "लेकरू भाजून निघालं की," असे पुटपुटत तिने विंझणा उचलला आणि वारा घालायला ती आत गेली.